आईबाप असलेल्या अनाथांच्या कैवाऱ्यास

प्रति,
माननीय संचालक,
परदेशी सेवा-सहली विकणारी कंपनी
(नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्यासारख्या बऱ्याच आहेत, उगाच कोणाला डावलल्यासारखे वाटायला नको.)

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, लंडनला वाढलेल्या माझ्या भाचीने शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधले मोकळे वर्ष, म्हणजे तिकडचे गॅप इयर, आपल्या चरणी वाहायचे ठरवले आहे. आपले माहितीपत्रक तिने मला पाठवले. चार आठवडे काठमांडूच्या बालगृहात 'अनाथांना मायेचा स्पर्श', पाचव्या आठवड्यात पोखऱ्याला पॅराग्लायडिंग आणि चितवनला गेंडा. माया आणि गेंडा एकाच पावतीवर! हे ज्याला सुचले त्याचा पगार वाढवा.

पात्रता काय, तर वय अठरा पूर्ण आणि पैसे आगाऊ. नेपाळी येत नसले तरी चालेल, मुले सांभाळल्याचा अनुभव नसला तर उत्तमच. व्हिसा मात्र टुरिस्टचा घ्या, असे आपल्या प्रतिनिधीने तिला फोनवर सुचवले. टुरिस्ट व्हिसावर नेपाळात बिनपगारी कामही करता येत नाही, हे सांगून पोरीचा हिरमोड कशाला करायचा, नाही का? हीच पोर उद्या लंडनच्या पाळणाघरात कामाला गेली, तर पोलिसांकडच्या नोंदी तपासल्याशिवाय तिच्या हाती कोणी मूल देणार नाही. काठमांडूत विमानातून उतरली की संध्याकाळी वीस पोरांना आंघोळ घालायला मोकळी.

ती गुणी आहे, तिची काळजी नाही. पण दार सगळ्यांनाच उघडे असते. २०१६ साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने एका ब्रिटिश तरुणाला २२ जन्मठेपा सुनावल्या. मलेशिया आणि कंबोडियातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांवर त्याने वर्षानुवर्षे अत्याचार केले होते. मलेशियात तो पहिल्यांदा गेला तो गॅप इयरमध्येच. तो आपला गिऱ्हाईक होता असे मी म्हणत नाही. आपल्या अर्जात त्याला अडवणारा एखादा रकाना आहे का, एवढे फक्त शोधत होतो. टी-शर्टचे माप विचारणारा रकाना सापडला.

आता मालाविषयी. माफ करा, मुलांविषयी.

नेपाळच्या वायव्य टोकाला हुमला नावाचा जिल्हा आहे. बरीच वर्षे तिथल्या सिमीकोटला जायचे तर नेपाळगंजहून छोट्या विमानाने, नाहीतर दिवसचे दिवस पायी जावे लागे. १९९६ ते २००६ या माओवादी बंडाच्या काळात बंडखोर गावागावांतून पोरे उचलत होते. अशा वेळी ओळखीपाळखीतला दलाल यायचा. काठमांडूच्या बोर्डिंगात घालतो, पोराचा जीवही वाचेल आणि चार अक्षरेही येतील. बाप जमीन विकून, कर्ज काढून पैसे मोजायचा. काठमांडूला पोचेपर्यंत पोराचे नाव बदललेले असायचे आणि आईबापांच्या मृत्यूचे दाखले तयार असायचे. म्हणजे बाप तिकडे जवाच्या शेतात उभा, आणि इकडे सहीशिक्क्यानिशी मेलेला. पोराला दम दिलेला असायचा, की गोऱ्या पाहुण्यांनी विचारले तर आईबाप वारले म्हणून सांगायचे.

हे मी रचून सांगत नाही. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली काठमांडूजवळच्या गोदावरीत अशाच हौसेने मुले सांभाळायला आला होता. ज्यांना तो अनाथ समजत होता त्यांचे आईबाप जिवंत निघाले. मग पोरांचे फोटो घेऊन तो हुमलाच्या डोंगरांत पायपीट करत गेला आणि घरे शोधून काढली. गिऱ्हाईक असे विचार करू लागले तर धंद्याला घातकच. म्हणूनच आपण मुक्काम चार आठवड्यांवर ठेवता, हे आता लक्षात आले.

नेपाळात जिल्हे ७७. पण बालगृहांची गर्दी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचांतच. म्हणजे जिथे विमानतळ, मोमो आणि गेंडा, नेमके तिथेच मुलांचे आईबाप पटापट मरतात! २०१५ च्या भूकंपानंतर परवानगीवाचून मुले जिल्ह्याबाहेर न्यायला सरकारला बंदी घालावी लागली. ढिगारे उपसून व्हायच्या आत कोण गावात पोचेल, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

कंबोडियातही हीच बरकत. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालये ७५ टक्क्यांनी वाढली. अनाथ तेवढे वाढले नव्हते, पर्यटक वाढले होते. युनिसेफच्या पाहणीत त्या मुलांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांशांचा आई किंवा बाप हयात निघाला. बाजाराचा साधा नियम आहे. अनाथाला भेटायला पैसे मोजणारा आला, की कुणीतरी अनाथ तयार करतो.

आपल्या माहितीपत्रकातला मुखपृष्ठावरचा फोटो मी बराच वेळ पाहिला. पाच-सहा वर्षांची मुलगी नुकत्याच आलेल्या दिदीच्या गळ्यात पडली आहे. खाली ओळ, 'पहिल्याच दिवशी जुळले नाते!' घरातले पाच वर्षांचे पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जाते. जे पोर कोणाच्याही गळ्यात पडते, त्याच्या आयुष्यात माणसे किती वेळा आली आणि गेली असतील? बालमानसशास्त्र शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी सांगतात की ते दुखण्याचे लक्षण आहे. आपण ते मुखपृष्ठावर छापता. शुक्रवारी जुनी दिदी रडत विमानतळावर जाते, रविवारी नवी येते, आणि पुन्हा ए फॉर ॲपलपासून सुरुवात होते. त्या मुलीला ॲपल इतक्यांदा आले आहे की बीपर्यंत पोचायची तिला आता उमेदच उरली नसेल.

आपण बेसावध नाही, हेही दिसते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने अनाथालयांसाठी मुले जमवण्याला आधुनिक गुलामगिरीत गणले. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या अपायांना आळा घालायला सांगितले. लगेच आपल्याकडे पाटी बदलली. अनाथालय गेले, 'समुदाय बालविकास प्रकल्प' आला. पत्ता तोच, 'मायेचा स्पर्श' तोच, फोटोतली भिंतही तीच. फक्त रंग नवा, कारण ती दर उन्हाळ्यात नवी तुकडी रंगवते.

गोऱ्यांना नावे ठेवून मी सुटत नाही. पुण्या-मुंबईत पोराच्या वाढदिवसाला आश्रमात केक कापून, मुलांना रांगेत बसवून त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घेणारे आम्ही आपलेच चुलतभाऊ. फरक इतकाच, की आम्ही गेंडा दाखवत नाही.

तरी एक विनंती. पुढच्या माहितीपत्रकात प्रत्येक मुलाविषयी तीन गोष्टी छापा. गाव कोणते, आईबापांची शेवटची भेट कधी झाली, आणि आपण घेतलेल्या पैशातले किती त्या गावच्या शाळेवर गेले. रंगीत नको, साध्या कागदावर चालेल.

आणि वाचकहो, बारावीनंतर तुमच्याही घरात कोणी असा अर्ज भरत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हेच तीन प्रश्न कंपनीला लेखी विचारा. उत्तर आले नाही तर पैसे भरू नका.

कळावे,
आपल्या यादीतून एक नाव कमी करणारा
भाचीचा मामा