निनावी चुनापुडीस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती चुनापुडी,
मुक्काम कोणताही पानठेला अथवा किराणा दुकान,
काटोल, जिल्हा नागपूर.



पत्रास कारण की, तुमचे जाहीर अभिनंदन करायचे राहून गेले होते. ज्या फळीवर तुम्ही बसता, त्याच फळीवर तुमच्या मांडीला मांडी लावून तंबाखूची पुडी बसते. त्या बिचारीला एप्रिल २०१६ पासून अंगाच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या तोंडांची चित्रे मिरवावी लागतात. २००३ च्या कायद्याने तिला अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती जायची बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत दुकान मांडायची बंदी आहे. तुमचे आणि तिचे नाते काटोलात कोणाला सांगावे लागत नाही. तळहातावर दोघी एकत्र मळल्या जाता, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटताना दोघी एकत्र घोटल्या जाता. पण सरकारदरबारी ही सोयरीक नोंदलेली नाही. तुम्ही तंबाखू नाही, म्हणून तुम्हाला चित्र नाही, वयाची अट नाही, शाळेचे अंतर नाही. त्यात वजन दहा ग्रॅमच्या आत राखले, की वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांतून सूट मिळते आणि बनवणाऱ्याचे नाव-पत्ता छापायची कटकटही टळते. तंबाखूला ही सूट नाही, तुम्हाला आहे. मोठमोठ्या कंपन्यांना वकिलांची फौज बाळगून जे साधत नाही, ते तुम्ही काही ग्रॅम वजनात आणि चार नाण्यांत साधले आहे. याला म्हणतात चुना लावणे.

तुमच्या अंगच्या गुणांबद्दलही लिहायला हवे, कारण लोक तुम्हाला फारच साधे समजतात. रसायनशास्त्रात तुम्ही कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तुमच्या संपृक्त द्रावणाचा सामू बाराच्या वर जातो, म्हणजे तुम्ही तीव्र अल्कली आहात. डोळ्यात अ‍ॅसिड गेले तर ते वरच्या थरातली प्रथिने गोठवते आणि त्या गोठलेल्या थराने त्याची स्वतःचीच वाट काही अंशी अडते. तुमची रीत निराळी. तुम्ही पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवून आत आत शिरत राहता. शिवाय तुम्ही नुसते पाणी नसून लगदा आहात. तुमचे कण वरच्या पापणीच्या घडीत चिकटून बसतात आणि डोळा वरवर धुतला तरी आतून काम चालू ठेवतात. बुबुळाच्या कडेला ज्या मूळ पेशी असतात, त्यांच्या जिवावर बुबुळ पारदर्शक राहते. त्या मेल्या की बुबुळ पांढरे पडते, आणि मग नेत्रपेढीतून आणलेले बुबुळही एकट्याने टिकाव धरत नाही. आधी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातून पेशींचा तुकडा घेऊन रोपण करावे लागते. हे सारे आजच कळले असेही नाही. दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००३ मध्येच ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चुन्याच्या पुड्यांबद्दल इशारा दिला होता. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या संशोधनातही मुलांच्या डोळ्यांच्या रासायनिक भाजण्याच्या कारणांत तुमचे नाव ठळक आहे. लेकरू मऊ, फुगीर पुडी हातात घेते, चेहऱ्यासमोर धरते आणि दाबते. शिवण फुटते आणि पिचकारी सरळ डोळ्यात जाते. यात लेकराचा दोष कोणता? मऊ आणि फुगीर वस्तू दाबून पाहणे हा त्याच्या वयाचा उद्योग आहे. ती दाबल्यावर फुटणे हा मात्र तुमच्या घडणीचा दोष आहे.

काटोलच्या माणसाला चुन्याची ताकद ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय नाही. हा संत्र्याचा मुलूख. डिंक्या रोगाने झाड पोखरू नये म्हणून इथला बागाईतदार मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो, दहा लिटर पाण्यात कालवून बोर्डो पेस्ट करतो आणि पावसाळ्याच्या आगेमागे खोडाला लावतो. बुरशी मारायच्या लेपात जो पदार्थ लागतो तो डोळ्याला झेपणार नाही, हे समजायला फळ संशोधन केंद्रापर्यंत जावे लागत नाही. तरीही बागेत वजन करून, मडक्यात भिजवून वापरायचा हा पदार्थ दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारी उघडा पडलेला असतो. अ‍ॅसिडचे तसे नाही. अ‍ॅसिड हल्ला सोसलेल्या लक्ष्मी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी आदेश दिला. तेव्हापासून अ‍ॅसिड विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे आणि अठरा वर्षांखालच्याला ते द्यायचे नाही. अ‍ॅसिड हल्ल्यांमागची क्रूरता पाहता तो आदेश आवश्यकच होता. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. आपली व्यवस्था इजेपेक्षा इजा करणाऱ्याच्या हेतूकडे आधी पाहते. कोणी सूडाने डोळा जाळला तर नोंदवही निघते, निष्काळजीपणाने जाळला तर ‘नशीब’ निघते. जळालेल्या बुबुळाला मात्र हेतू वाचता येत नाही.

आता तुमच्या खऱ्या बळाकडे येतो. तुमचा भरवसा अंगावरच्या कोऱ्या कागदावर आहे. नाव नाही, गाव नाही, मग दावा कोणावर करणार? दवाखान्यातून परतणारे आईबापही हाच हिशेब करतात आणि गप्प बसतात. इथेच तुमचा अंदाज चुकला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे एक पूर्ण प्रकरण आहे. कलम ८४ उत्पादकाला धरते. वस्तूची घडण सदोष असेल, किंवा ती कशी वापरावी, तिच्यात धोका कोणता हे पुरेसे सांगितले नसेल, तर झालेल्या इजेची भरपाई त्याने द्यायची. उत्पादकच ठाऊक नसेल तर? त्यासाठी कलम ८६ आहे. ज्या मालाचा उत्पादक कोण ते कळत नाही, किंवा कळूनही त्याच्यापर्यंत नोटीस पोचत नाही, तो माल विकणारा दुकानदार दाव्याला उत्तर देण्यास बांधील होतो. म्हणजे श्रीमतीजी, ज्या निनावीपणाला तुम्ही ढाल समजत होता, तोच कायद्याच्या हातातला दोर आहे. कोऱ्या पुडीमुळे दावा बुडत नाही. तो कारखान्याच्या दारातून निघून दुकानाच्या गल्ल्यापाशी येऊन उभा राहतो. निनावी माल विकणारा माणूस त्या मालापुरता उत्पादकाच्या जागी बसतो, एवढाच या पत्राचा मुद्दा आहे. बाकी सारे त्याच्या पुष्ट्यर्थ.

तुमची बाजू मांडणारे तीन आक्षेप घेतील. पहिला असा, की चुना पोळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग इशारा कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. जो धोका उघड किंवा सर्वज्ञात आहे त्याचा इशारा न दिल्याबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही, असे कलम ८७ म्हणते. पण सर्वज्ञात काय आहे ते नीट पाहावे. चुना जास्त झाला की गाल पोळतो, हे खाणाऱ्याला माहीत असते. पुडी दाबली की तिची शिवण फुटून चुना हातभर उडतो आणि काही मिनिटांत बुबुळ कायमचे पांढरे पडू शकते, हे किती जणांना माहीत असते? जिभेच्या अनुभवावरून डोळ्याचा धोका कळत नाही. आणि तो कळतो असे वादासाठी मानले, तरी ती सवलत इशाऱ्यापुरती आहे. सदोष घडणीबद्दलची जबाबदारी त्याने संपत नाही. सुरा धारदार असतो हे जगजाहीर आहे, म्हणून मूठ निखळणारा सुरा विकायला कोणी मोकळा होत नाही.

दुसरा आक्षेप जिव्हारी लागणारा आहे: आईबाप काय करत होते? आणि त्याला जोडून कायद्याचा मुद्दा: पुडी बापाने विकत घेतली, लेकराने नाही, मग लेकरू ग्राहक कसे? आईबापांनी पुडी खिशात किंवा खुंटीवर सोडू नये हे मान्यच. पण घरोघरचे आईबाप एकाच ठिकाणी चुकत असतील, तर चूक घरांत शोधायची की वस्तूत? कोविडच्या काळात दुकानांच्या दारात सॅनिटायझरचे स्टँड आले. त्यांची तोटी साधारण मीटरभर उंचीवर, म्हणजे मोठ्यांच्या कमरेशी आणि लहानांच्या तोंडाशी. २०२० मध्ये फ्रान्समधल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांच्या डोळ्यात सॅनिटायझर गेल्याच्या नोंदी आदल्या वर्षीच्या तुलनेत सातपट झाल्या. फ्रेंच आईबाप त्या एका वर्षात सातपट बेफिकीर झाले नव्हते, तोटी चुकीच्या उंचीवर आली होती. ग्राहक कोण, याचेही उत्तर आहे. घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो आणि अज्ञान मुलाच्या वतीने पालक तक्रार करू शकतात. ‘पोरा, ठेल्यावरून चुना आण’ म्हणून पिटाळलेले पोर तर थेट काउंटरवर उभे असते. खिशातली पुडी परस्पर काढणाऱ्या लेकराबाबत ‘संमती’ या शब्दावर वाद होईल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वाद होणे म्हणजे दावा हरणे नव्हे. ब्रिटनमध्ये १९३२ साली डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात जिंजर बिअरची बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती आणि दावा पिणारीने लावला होता. वस्तू ज्यांच्यापर्यंत पोचणार हे बनवणाऱ्याला दिसू शकते, त्यांची काळजी घेणे त्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व तिथे रुजले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या प्रकरणात उपचार घेणारे मूल आणि पैसे देणारे आईबाप, दोघांनाही ग्राहक मानले. तो निकाल सेवेबद्दलचा होता, वस्तूबद्दलचा नव्हे. तरी पैसे कोणी मोजले यावर इजा झालेल्याचा हक्क संपत नाही, हे त्यातले सूत्र इथेही उपयोगी पडते. शिवाय ग्राहक कायद्याचे दार बंद झाले तरी निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयाचे दार उघडे राहते.

तिसरा आक्षेप दयेचा आहे. चार पैशांच्या पुडीसाठी ग्राहक आयोगात जायचे? आणि गरीब पानठेलेवाल्याला बुडवायचे? पहिल्या भागाचे उत्तर आकड्यांत आहे. तक्रार कोणत्या आयोगात जाईल ते वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, भरपाई मात्र त्या किमतीला बांधलेली नसते. म्हणून पुडी स्वस्त असली तरी डोळ्याची भरपाई लाखांत मागता येते. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावायलाच हवा असेही नाही. काटोलच्या माणसाला नागपूरच्या जिल्हा आयोगात जाता येते, कारण तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. ठेलेवाल्याबद्दलची दया खरी असेल, तर तिचा मार्गही सोपा आहे. कलम ८६ मधून सुटण्यासाठी त्याला वकिलापेक्षा ठोक विक्रेत्याचे पक्के बिल आणि पुडीवर बनवणाऱ्याचा खरा पत्ता अधिक कामाला येईल. पत्ता नसलेला माल घ्यायला त्याने नकार दिला, की ओझे जिथून आले तिथे परत जाते. आज ठेलेवाल्याला बुडवते आहे ते त्याच्या गळ्यात निनावी माल बांधून स्वतः नामानिराळे राहणारे कोणीतरी. दावा ठेलेवाल्याच्या विरोधात दिसतो, पण त्याला पहिल्यांदा ‘हा माल कोणाचा?’ असे विचारायची सवय लावतो.

आणि ही सवयच भरपाईच्या रकमेपेक्षा मोठी आहे. डोळा पैशाने परत येत नाही. पण दावे होऊ लागले, तर मऊ पुडीपेक्षा घट्ट झाकणाची टणक डबी स्वस्त पडू लागेल. त्यासाठी मोठा शोध लावायचा नाही. पूर्वी चुना पानाच्या डब्यात, झाकणाच्या डबीत असायचाच, आणि ती डबी दाबून फुटत नव्हती. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो आणि ‘जागो ग्राहक जागो’चे फलक लागतात. ग्राहकाने जागे राहावे हे बरोबरच, पण तीन वर्षांच्या ग्राहकाला फलक वाचता येत नाही. त्याच्या वतीने जागे राहण्याचे काम वेष्टनाने करायचे असते. श्रीमतीजी, ते काम तुमच्याकडून होत नाही, म्हणून तुमच्या विक्रेत्याला नोटीस पाठवण्याचा सल्ला आम्ही लोकांना देत आहोत. कृपया राग मानू नये.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक ग्राहक

ता. क. हे शेवटचे पुडीसाठी नाही, वाचकांसाठी आहे. चुना डोळ्यात गेला तर तूप, दूध, गुलाबपाणी यातले काहीही घालू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा, निदान अर्धा तास धरा, पापणी उलटून आतले कणही धुऊन काढा आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कागदावर ‘चुन्याने इजा’ असे लिहून घ्या. कुठल्या दुकानातून, कोणत्या दिवशी माल आणला ते टिपून ठेवा. आणि फुटलेली पुडी रागाने उकिरड्यावर भिरकावू नका. कोरी असली तरी तुमच्या बाजूचा पहिला पुरावा तीच आहे.