धनोडीच्या पाण्यातला वॉलआय

आर्वीकडे गरी टाकून मासोळी धरणारा माणूस काही नवा नाही. बांबूची काठी, तिला पुरेल एवढं तंगूस, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि डब्यात ओल्या मातीसकट गांडुळं, एवढ्या भांडवलावर वर्धा नदीच्या काठी दिवस काढणारी मंडळी पूर्वीपासून आहेत. पुढे धनोडीजवळ नदी अडली, निम्न वर्धा प्रकल्पाचं पाणी पसरलं, आणि त्यापाठोपाठ मोबाइलचा डेटा स्वस्त झाला. या दोन घटनांच्या पोटी ट्रोलिंगवाला जन्माला आला. हा गृहस्थ चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर, शाळेत किंवा एखाद्या कचेरीत पोटापाण्याचं बघतो आणि रात्री जेवण झालं की मिनेसोटाच्या तळ्यांवर जातो. तिथले लोक वॉलआय नावाचा मासा कसा धरतात, हे त्याला तोंडपाठ आहे. पुलगावचं अंतर तो किलोमीटरमध्येच सांगतो, पण पाण्याची खोली फुटांत आणि डोंग्याचा वेग मैलांत. दुसरं परिमाण वापरलं तर मासा बिथरेल अशी त्याची समजूत असावी.

ट्रोलिंग म्हणजे चालत्या नावेमागे गळ ओढत नेणं. ऐकायला सोपं वाटतं, आणि ट्रोलिंगवाल्याला खटकतं ते नेमकं हेच. त्याच्या मते यात सोपं काहीच नाही. दोन गळ, मणी आणि गरगर फिरणारं पातं यांच्या माळेत गांडूळ ओवलं असेल, तर नाव ताशी एक ते दीड मैलाने जायला हवी. लाकडी किंवा प्लास्टिकचा खोटा मासा असेल तर दीड ते अडीच मैल चालतील, त्याहून जास्त नाही. बंद पडलेली पुलगाव-आर्वी शकुंतला गाडीसुद्धा या हिशेबात बेफाम ठरते. मग येतो प्लेनर बोर्ड. ही एक छोटी फळी असते. ती दोराला लावली की पाण्याच्या दाबाने गळ नावेपासून दूर, बाजूला नेते. त्यामुळे नावेच्या सावलीने बुजलेला मासाही आवाक्यात येतो आणि चार दोर एकमेकांत गुंतत नाहीत. मग लीडकोर, म्हणजे पोटात शिसं असलेला दोर, जो दर दहा यार्डांवर रंग बदलतो. किती रंग पाण्यात गेले ते मोजून खोलीचा अंदाज बांधायचा. आणि सगळ्यांत मोठी खुबी अशी की नाव सरळ न नेता नागमोडी न्यायची. वळणावर आतल्या बाजूचा गळ मंदावतो, बाहेरचा वेग घेतो. मासा कोणत्या बाजूला लागला त्यावरून पुढचा वेग ठरवायचा. युक्ती खरोखर हुशारीची आहे. फक्त तिला सुरुवातीला एक मासा लागतो.

आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. आपल्या जलाशयांत मच्छीमार संस्था बोटुकली सोडतात ती मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांची. कटला वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पतींवर जगतो, मृगळ तळाचा कुजका पालापाचोळा चिवडतो. यांतला एकही पळणाऱ्या भक्ष्याचा पाठलाग करत नाही. वॉलआय हा पक्का शिकारी. त्याच्या डोळ्यात मागे चकाकणारा पडदा असतो, म्हणून तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात आणि गढूळ पाण्यातही तो बारक्या माशांवर तुटून पडतो. मासा उत्तर अमेरिकेचा, थंड पाण्यातला. विदर्भातला मे महिना त्याने कल्पनेतही सोसला नसता. आपल्याकडे ओढत्या गळाला पडू शकतील असे शिकारी म्हणजे मरळ, शिंगाळा असे मोजके. त्यातली मरळ गवताच्या कडेला दडून बसते आणि शिंगाळा बराचसा तळाशी. तेव्हा रोहूसमोरून तासाला दीड मैल वेगाने प्लास्टिकचा मासा ओढत नेणं म्हणजे माळकऱ्याच्या पंगतीत मटणाचा वाढपी फिरवणं. कुणी शिव्या देणार नाही, पण ताट पुढे करणारही नाही.

यावर लोक सरळ निकाल देतात की हा माणूस येडा आहे. मला तो मान्य नाही, कारण पुरावा उलट बोलतो. वर सांगितलेलं सगळं ट्रोलिंगवाल्याला माहीत असतं, आपल्यापेक्षा जास्तच. कणकेच्या आणि ढेपेच्या गोळ्याला रोहू लागतो हे त्याला कुणी शिकवायला नको. तरी तो गोळा लावत नाही. ज्याला मासा हवा तो मासा खातो ते लावतो. जो जाणूनबुजून लावत नाही त्याला दुसरंच काहीतरी हवं असणार. काय हवंय ते त्याच्या वहीत दिसतं. तारीख, वारा, पाण्याचा रंग, दोराची लांबी, वेग असे रकाने आखलेले असतात, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. मासा किती, हा रकानाच नसतो. संध्याकाळी चौकात कुणी विचारतं, ‘‘काऊन भाऊ, भेटली का मासोई?’’ तेव्हा त्याचा चेहरा पडत नाही, उलट खुलतो. ‘‘नाई ना राजेहो. वारा फिरला, स्पीड पॉइंट दोननं जास्त झाली.’’ मासा मिळालेल्या माणसाला दोन वाक्यांत गप्प बसावं लागतं. न मिळालेला चहा गार होईपर्यंत बोलू शकतो. माझं म्हणणं असं की त्याचं खरं भक्ष्य कारण आहे, आणि ते तो रोज टोपलीभर आणतो. म्हणूनच श्रावणातही त्याचा डोंगा सुटतो. घरच्यांची हरकत नसते, कारण नियम मोडण्याची शक्यताच नसते.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं अमेरिकेचं खूळ आहे, आपल्याकडे मासा पोटासाठी धरतात, करमणुकीसाठी नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी बाराव्या शतकात डोकवावं. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचं एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, कोणत्या माशाला कोणतं खाद्य, दोर, काठी, गळ, सगळी चर्चा त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर लेख लिहिला. ज्याच्या मुदपाकखान्यात मासळीची ददात नव्हती त्या राजाच्या ग्रंथात हा खटाटोप आला, तो काही भुकेपोटी नव्हे. आर्वीचा ट्रोलिंगवाला त्याच परंपरेतला, फक्त त्याला राज्य नाही आणि हप्ता मात्र आहे. एक फरक मान्य करायला हवा. सोमेश्वराने माशाच्या आवडीचं खाद्य विचारात घेतलं होतं.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: जलाशयाचा ठेका संस्थेचा, पोट भोई-ढिवरांचं, त्यात या हौशा माणसाची लुडबुड कशाला? परवानगी न विचारता पाण्यात उतरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण विचारून, भाडं देऊन डोंग्यात बसणारा माणूस संस्थेला महागात पडत नाही. त्याला ‘हळू, अजून हळू’ म्हणत फिरवणारा भोईदादा पैसे घेतो, आणि फिरता फिरता काल लावलेलं आपलं जाळंही बघून घेतो. माशांचा साठा कमी केल्याचा आरोप तर कोणत्याही कोर्टात टिकणार नाही. आरोप करायचाच तर तंगुसाचा करावा. तळाच्या बुडालेल्या झाडाझुडपांत गळ अडकला की हा दोर तोडतो, आणि ते नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. पक्ष्यांच्या पायात अडकतं, जाळ्यात गुंततं, आणि सोडवत बसतो तो भोई. वहीत वाऱ्याच्या दिशेला रकाना आहे, तुटलेल्या दोराला नाही.

आणि त्याच्या पेटीत आणखी एक वस्तू नसते. मणी आहेत, पाती आहेत, खोली मोजायचं यंत्र आहे, कोणत्याही माशाला न पटलेले सात रंगांचे खोटे मासे आहेत. लाइफ जॅकेट नाही. उकडतं म्हणे. धरणाला 31 दरवाजे आहेत, डोंगा अरुंद असतो, आणि यंत्राकडे बघत एका कडेला चौघे वाकले तर कलंडतो. तेव्हा तुमच्या घरात, शेजारात किंवा कचेरीत असा कुणी असेल तर त्याच्या वाढदिवसाला आठवा खोटा मासा घेऊ नका. लाइफ जॅकेट घ्या, आणि ते घातल्याशिवाय डोंगा सोडू नये असं भोईदादाला सांगून ठेवा.