ब्रूनोच्या आई-बाबांस अनावृत पत्र

रा. रा. ब्रूनोचे बाबा आणि सौ. ब्रूनोची आई,
मुक्काम : पुणे, हैदराबाद आणि मधला राष्ट्रीय महामार्ग ६५

स. न. वि. वि.

आपली गाडी बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वरच्या ढाब्यावर थांबते. मागचं दार उघडतं, आधी ब्रूनोची जीभ उतरते, मग ब्रूनो, मग आपण. चहा यायच्या आत आपला प्रश्न येतो : "इथं जवळपास एखादी निसर्गरम्य वाट आहे का हो, जिथं ह्याला मोकळं सोडता येईल?" हा प्रश्न आता इतक्या गाड्यांतून उतरतो की ढाब्यावरच्या पोराला उत्तर पाठ झालंय : "समदा माळ तुमचाच हाय, सायेब." पोरगं चहा विकतं, गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नाही. माळ नेमका कुणाकुणाचा आहे, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

सुरुवात आपल्या इतमामाला शोभेल अशा जागेपासून करू. बिदरचा किल्ला. जांभ्या दगडाची तटबंदी, खंदक, मोठाली हिरवळ. ब्रूनोचे फोटो झकास येतील. पण वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तिला १९५९ चे नियम लागू, आणि त्या नियमांत ब्रूनोचा विचार त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी झालेला आहे : वास्तूच्या देखभालीखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी आत जनावर आणायचं नाही. म्हणजे वाट अगदीच बंद नाही. ब्रूनोला चुना मळता येत असेल, निदान बुरुजावर उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढता येत असेल, तर अर्ज करून पाहावा. उकरणं त्याला उपजतच येतं हे खरं, पण उत्खननाचा परवाना वेगळा लागतो.

मग चिंचोळी. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं. चंद्रमपळ्ळीचं धरण, एत्तिपोतचा धबधबा, रक्तचंदनाची झाडं, आणि पाऊस संपता संपता असं हिरवंगार रान की तूरडाळीच्या ह्या मुलखात हे आलं कुठून असं वाटावं. आपण व्हिडिओ पाहिलेच असतील. तिथं लांडगा, तरस, खोकड राहतात. ते ब्रूनोला काही करतील अशी आपल्याला भीती. आम्हाला भीती उलटी आहे. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि तपासात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू निघाला. आजार कुत्र्यांचा. त्यासाठी चावावं लागत नाही. शिंक पुरते, लाळ पुरते. सिंहाचं असं झालं तर आमच्या खोकडाची काय कथा, तो जेमतेम मांजराएवढा. तेव्हा अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी काढून आपण दोघं जा. ब्रूनो गाडीतही नको, घरीच बरा.

इथं आपण आम्हाला धर्मसंकटात टाकणार, हे मी ओळखून आहे. भालकीच्या बाजूला खानापूरचा मैलार आहे, म्हणजे आपला खंडोबाच. देव कुत्रं घेऊन फिरतो, त्याचे वाघ्ये देवापुढं कुत्र्यागत भुंकतात. हुमनाबादला माणिकनगर आहे. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, बसवकल्याण तालुक्यातल्या लाडवंतीचा. त्यांना लोक दत्तावतार मानतात, आणि दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, एकाच्याही गळ्यात पट्टा नाही. "देवाची चालतात, मग आमचाच का नको?" असं आपण विचाराल. विचारा. फक्त एवढं बघा की त्या चौघांपैकी एकही तसबिरीतून बाहेर उडी मारून कुणाच्या मेंढरात शिरलेला नाही. लोक त्यांना चार वेद म्हणतात. ब्रूनोला "बस" म्हटलेलं कळतं की नाही, ह्याबद्दल आपल्या दोघांतच अजून एकमत दिसत नाही.

राहिला माळ. तो गावाबाहेर सुरू होतो आणि काचेतून पाहिला तर रिकामा दिसतो, हे कबूल. दिल्लीलाही तसाच दिसतो. सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्यात देशभरची गवताळ रानं बिनकामाची म्हणून रंगवलेली असतात. तेव्हा आपण एकटेच चुकलात असं नाही, आपल्यामागे नकाशाचा भक्कम आधार आहे. पण त्या बिनकामाच्या गवतात काळवीट चरतं. चंडोल घरटं करतो. उन्हाळ्यात टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. आपल्या पायाखाली येईपर्यंत आपल्याला कळत नाही, ब्रूनोच्या नाकाला मात्र लगेच कळतं. तो धावतो, टिटवी आकाश डोक्यावर घेते, आणि आपण म्हणता, "बघ, किती एन्जॉय करतोय!"

बरं, कुत्रं आणि हा माळ ह्यांचं जुनं प्रकरण आहे. बहमनी सुलतान अहमदशहाची गोष्ट सांगतात ती अशी : इकडे शिकारीला आला असता त्याच्या कुत्र्यांनी एका कोल्ह्याचा पाठलाग केला, तर कोल्हाच उलटून कुत्र्यांवर धावला. जिथला कोल्हा असा, ती भूमी कशी असेल, असं म्हणून त्यानं राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. आता अशी गोष्ट आणखीही शहरांच्या नावावर सांगतात, कुठं कोल्ह्याऐवजी ससा असतो, तेव्हा इतिहास म्हणून मी ती छातीठोक सांगणार नाही. पण गुलबर्ग्याचे लोक कोल्ह्याचं नाव काढलं की अजून गप्प होतात, असा माझा ग्रह आहे.

आपल्या एका स्नेह्यांनी म्हणे हस्की विकून स्वदेशी बाणा पत्करला आणि मुधोळहून कारवानी आणला. अभिनंदन. कारवानी आमच्याच कर्नाटकातला, बागलकोट जिल्ह्यातला. २००५ मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं, २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हस्की एसीपुढं लोळतो, कारवानी उभा तरी राहतो. पण ही जात नाकानं नव्हे, डोळ्यांनी शिकार करणारी. पिढ्यान्‌पिढ्या ती पैदास झाली ती लांबवर हललेला ससा बघून वाऱ्यासारखं सुटण्यासाठी. तिला मोकळ्या माळावर आणून सोडायचं आणि मग लाडानं हाका मारत मागं धावायचं, हा व्यायाम मालकाच्या वजनासाठी उत्तम आहे.

आता मेंढरांचं. सुगी झाली की धनगर वावरात मेंढरं बसवतात. रानात कळप दिसला की आपल्याला फार आनंद होतो, गाडी थांबते, ब्रूनोला "फ्रेंड्स" दाखवायचे असतात. गाभण मेंढी घाबरून पळाली की गाभडते. त्या एका पळण्यात धनगराचं पुढच्या हंगामाचं कोकरू गेलेलं असतं, आणि तोवर आपली गाडी हुमनाबादच्या पुढं असते. शिवाय कळपासोबत त्याचं स्वतःचं कुत्रं असतंच. त्याला फ्रेंड्स ही कल्पना अजून कुणी समजावून सांगितलेली नाही.

एका बाबतीत मात्र गाव आपल्यावर अन्याय करतं. ब्रूनोच्या मागं पिशवी धरून आपण वाकता, तेव्हा पारावर हसू फुटतं. परवा एक म्हातारबा म्हणालेच, "कुत्र्याला ह्ये फिरवूलालेत का कुत्रं ह्यास्नी फिरवूलालंय?" हसणाऱ्यांचं चुकतं. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी गवतावर जातात, गवतातून मेंढीच्या पोटात, आणि एका जातीच्या जंताची पिल्लं थेट तिच्या मेंदूत जाऊन बसतात. मेंढी एकाच जागी गरगर फिरते आणि मरते. तेव्हा पिशवी धराच. फक्त भरलेली पिशवी गाठ मारून बाभळीला अडकवून जाऊ नका; गावातली मुलं ती नवस समजतात.

आणि वेस ओलांडताना जरा जपून. १९५६ साली हैदराबाद राज्यातला आमचा जिल्हा तीन ठिकाणी वाटला : उदगीर-निलंगा तिकडं मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आम्ही म्हैसुरात. त्या हद्दींवरच्या अर्ज-विनंत्या अजून सरलेल्या नाहीत. गावच्या कुत्र्यांनी आखलेल्या हद्दींबद्दल मात्र आजवर एकही तक्रार आलेली नाही. दर गल्लीला नाकं आहे, दर नाक्यावर चौघे आहेत. "हाड्" तेवढं त्यांना मराठी, कन्नड आणि दखनी तिन्हींत कळतं. आपण "नो, नो, बेबी" म्हणता ते कोणत्याच भाषेत कळत नाही.

इतकं सगळं ऐकूनही चालायचंच असेल तर गाडीवाट धरा. तुरीच्या आणि ज्वारीच्या मधून जाणारी, पहाटे, थंडीच्या दिवसांत. पावसात येऊ नका, काळी माती ब्रूनोच्या पायाला चिकटली की चारही पायांत बूट घातल्यासारखा तो उभा राहील आणि उचलून आणावा लागेल. पट्टा हातात, आखूड. तुरीला अळीची फवारणी झालेली असते, सरीतलं पाणी त्याला पिऊ देऊ नका. रानडुकरांसाठी बांधाला झटक्याची तार असते, ती लांबून दिसत नाही. परतल्यावर बोटांमधले सराटे, कानातली कुसळं आणि मानेखालच्या गोचिडी शोधा. कुसळ कानात आत गेलं तर ते आपोआप बाहेर येत नाही, डॉक्टरच लागतो. वाटेत कुणी "काय जातीचं?" असं विचारलं तर ते ब्रूनोबद्दल आहे असं धरून चाला.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
राजेश्वरचा एक पायी फिरणारा

ता. क. — येताना ब्रूनोच्या लशींचं पुस्तक सोबत असू द्या. रेबीजची तर हवीच, डिस्टेंपरचीही. आपलं आधार कार्ड इथं कुणी मागणार नाही.