चिरे रंगाचे, शेजारी पगाराचे

प्रागहून दक्षिणेकडे निघालेली बस सुमारे तीन तासांनी चेस्की क्रुमलोव्हला पोचते. व्ल्ताव्हा नदी या गावाभोवती इतके वळसे घेत जाते की प्रवासी एकाच दुपारी तीच नदी दोन-तीनदा ओलांडतो आणि दरवेळी नवी नदी सापडल्याच्या आनंदात फोटो काढतो. वर खडकावर गड. आकारमानात प्रागच्या किल्ल्यानंतर चेक देशात याचाच मान.

गडाचा गोल मनोरा दुरून कोरीव दगडाचा वाटतो. जवळ गेल्यावर कळतं की त्यावरची बरीचशी नक्षी 1590 मध्ये बार्तोलोमेय बेरानेक-येलिनेक या चित्रकारानं गिलाव्यावर रंगवलेली आहे. आतल्या चौकांतही तोच प्रकार. भिंतीतले चिरे रंगाचे, कोनाडे रंगाचे, कोनाड्यातले देवही रंगाचे. मनोऱ्याच्या 162 पायऱ्या तेवढ्या खऱ्या आहेत. त्याही रंगवून भागलं असतं तर कित्येक गुडघ्यांनी चित्रकाराला दुवा दिला असता.

ही बनवाबनवी भिंतींपुरतीच नव्हती. 1302 पासून तीनशे वर्षं इथे रोझेनबर्क घराण्याची सत्ता होती. त्यातले पंधराव्या शतकातले ओल्डरिख खोट्या सनदा तयार करवून घेण्यात पटाईत. नुसती जमीनजुमल्याची कागदपत्रं करून त्यांचं समाधान होईना. घराण्याचं नातं थेट इटलीच्या ओर्सिनी सरदारांशी जोडलं गेलं. आता ओर्सिनींच्या नावात अस्वल, म्हणून रोझेनबर्कांच्या दारातही अस्वल हवं! आपल्याकडेही चार पैसे गाठीला आले की वंशावळ सूर्यवंशाला जाऊन भिडते, पण तेवढ्यासाठी दारात सूर्य आणून बांधावा लागत नाही. रोझेनबर्कांचा वंश 1611 मध्ये संपला, अस्वलांची परंपरा मात्र चालू राहिली. गडाच्या खंदकात पाणी नाही, अस्वलं आहेत. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्यासाठी फळं आणि खाऊ येतो, आणि तो समारंभ बघायला गावातली पोरं जमतात. सरदार खोटं बोलले, सुख अस्वलांनी भोगलं.

पुढे गडाचे धनी झाले एगेनबर्क. त्यांची सोनेरी बग्गी गडात आजही उभी आहे. फर्डिनंड तिसरा सम्राट झाल्याची वर्दी 1638 मध्ये पोपला द्यायची होती, त्या एका मिरवणुकीसाठी ती बनवली. एक खेप झाली आणि काम संपलं.

मग श्वार्झेनबर्क आले. त्यांच्या मुखवट्यांच्या दालनात योसेफ लेडररनं 1748 मध्ये भिंतभर माणसं रंगवली: विदूषक, सोंगाडे, नटव्या बायका, सज्ज्यांतून डोकावणारे बघे. दालन रिकामं असलं तरी गर्दी ठरलेली. लेडररनं त्या गर्दीत स्वतःलाही बसवलंय, हातात कॉफीचा पेला देऊन. पावणेतीनशे वर्षं झाली, त्याची कॉफी संपलेली नाही. शेजारच्या भागात अठराव्या शतकातलं नाटकघर आहे, मूळच्या पडद्यांसकट आणि यंत्रांसकट. खाली माणसांनी चक्रं फिरवली की वर क्षणात राजवाड्याचं रान होतं. वाऱ्याची आणि गडगडाटाची यंत्रंही तयारच असतात.

इतक्या सोंगांच्या गावात एगॉन शीले हा चित्रकार 1911 मध्ये राहायला आला आणि जे दिसलं तेच काढू लागला. आईचं माहेर इथलं, पण ते नातं कामी आलं नाही. तो लग्नाविना प्रेयसीसोबत राहतो आणि उघड्या देहांची चित्रं काढतो, यावरून गाव असं खवळलं की त्याला बिऱ्हाड हलवावं लागलं. आज त्याच्या नावाचं कलाकेंद्र गावात दिमाखात उभं आहे. गावाला त्याचं कौतुक करायला जरा उशीर झाला इतकंच.

1992 मध्ये युनेस्कोनं गावाला जागतिक वारसा ठरवलं आणि पाहुण्यांचा लोंढा सुरू झाला. जुन्या पेठेतल्या घरांची लॉजं झाली, वाण्याच्या दुकानांत भेटवस्तू आल्या, राहणारे लोक बाहेरच्या वस्तीत गेले. शेवटी 2018 च्या उन्हाळ्यात कातेर्झिना शेदा या कलावतीनं रीतसर माणसं नेमली. पेठेत राहायचं, कपडे वाळत घालायचे, पोरांना खेळवायचं, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, आणि याचा पगार घ्यायचा! हा प्रयोग व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात चेक-स्लोव्हाक दालनात मांडला गेला. रंगवलेले चिरे झाले, जुळवलेले पूर्वज झाले, पगारी शेजारी तेवढे राहिले होते.

युनेस्कोच्या तज्ज्ञांचा राग मात्र भलत्याच गोष्टीवर. गडाच्या बागेत 1958 पासून एक नाट्यगृह आहे. इथे नाटक जागच्या जागी, झाडांत, कारंज्यापाशी किंवा हवेलीसमोर चालतं, आणि प्रेक्षक बसलेले असतात तो अख्खा सज्जा त्याच्याकडे वळतो. सुरुवातीला तो हातानं ढकलत, आता मोटर आहे. ऐतिहासिक बागेत हे धूड शोभत नाही, हलवा, असं तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले. गावकऱ्यांचं उत्तर दर उन्हाळ्यात तेच: तिकिटं काढा. सज्जा त्यानंतर कितीतरी वेळा फिरला, हलला मात्र नाही.