फरशीवर फरशी

जालन्यात मोंढ्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर 'फुल्ली रिनोव्हेटेड' टू बीएचके विकायला निघाला, की गिऱ्हाइकाने फार चौकशा करू नयेत. चपला बाहेर काढाव्यात, आत जावं आणि वर बघावं. वर पीओपीचं छत असतं. त्यात गोल खाच, खाचेत निळा दिवा, मधोमध पंखा. त्याच्या वर स्लॅबचं प्लास्टर पडून गंजके गज उघडे पडलेत, हे दलाल सांगत नाही. का सांगावं? ज्या गावच्या भट्ट्यांतून निघालेली सळई राज्यभरच्या स्लॅबांत जाते, त्या गावाने स्वतःच्या सळईचं म्हातारपण चारचौघांत दाखवू नये, हे रीतीला धरूनच आहे.

मग खाली बघावं. शहाबादी गेली, चकचकीत व्हिट्रिफाइड आली. गेली म्हणजे कुठेही गेलेली नाही. तिथेच आहे, खाली. जुनी उखडायची तर मजुरी द्या, मलबा तीन जिने उतरवा, त्यापेक्षा फरशीवर फरशी. जमीन इंचभर वर आल्यामुळे दारं घासू लागली, म्हणून सुताराने त्यांना खालून रंधा मारला. बाथरूममध्येही टाइल्सवर टाइल्स, त्यामुळे तिथला उंबरठा बुडाला. आता बादली सांडली की पाणी हॉलमध्ये येऊन पाहुण्यांना भेटून जातं. आमच्या गावात पाण्याने आपणहून भेटायला यावं, याला नशीब लागतं.

त्याच बाथरूममध्ये परातीएवढा रेन शॉवर आहे. इथे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. २०१२-१३ च्या दुष्काळात निजामाच्या काळातलं घाणेवाडीचं तळं आटलं, टँकरमागे घागरी धावल्या आणि जायकवाडीचं पाणी पाइपातून आणावं लागलं. एवढं पाहिलेल्या गावात छताला पावसाची झारी टांगणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणेल. मी त्याला भाविक म्हणतो. शॉवरखाली निळा ड्रम आहे, ड्रमावर प्लास्टिकचा मग. आंघोळ मगाने करायची, शॉवरकडे बघत.

आमच्या आज्या-पणज्या माळवदात राहिल्या, ही त्या काळची गैरसोय. दोन-दोन हात रुंद भिंती, लाकडी सरांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडायचा आणि आत माणसं चादर ओढून झोपायची. एसी लावावाच लागत नसे, मग चार लोकांत इज्जत कशी राहणार? या फ्लॅटला वर थेट उघडी गच्ची आहे. शिवाय दोन्ही बेडरूममध्ये एसीचा पॉइंट काढून दिलाय. एसी नाही. पॉइंट.

किमतीबद्दल कुरकुर करू नये. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. तेव्हापासून दलाल मुंबई किलोमीटरमध्ये सांगत नाही, तासांत सांगतो. मुंबई इतकी जवळ आल्यावर भाव तिला सोडून लांब कसा राहील?

कायद्याचं म्हणाल तर तीही काळजी नाही. महारेरा १ मे २०१७ पासून आहे. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या इमारतीला तिथे नोंदणी लागत नाही. नववा फ्लॅट बांधायचा मोह आवरणाऱ्या बिल्डरच्या वैराग्याची दखल कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. आपला फ्लॅट तर जुना, हातबदलीचा. त्याच्याकडे रेरा ढुंकूनही बघत नाही.

तिकडे स्कॉटलंडमध्येही बाजारपेठेची लहान गावं आहेत, तिथेही फ्लॅट विकले जातात. पण २००८ च्या डिसेंबरपासून तिथे बहुतेक घरांच्या बाबतीत विकणाऱ्यानेच आधी सर्वेक्षक बोलावून अहवाल करून घ्यायचा असतो. छप्पर, ओल, खिडक्या, गटार, प्रत्येकाला एक ते तीन असे आकडे. तीन म्हणजे दुरुस्ती तातडीची. गिऱ्हाईक आधी तो कागद वाचतं, मग घर. लग्नाआधीच सासूचा स्वभाव लेखी मिळाला तर संसारात उरलं काय? आपल्या हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला लाकडी छापाचे पीव्हीसी पॅनेल बसवलेत. त्यांच्यामागचा अहवाल पहिल्या पावसाळ्यात भिंत स्वतः देते. फुकट आणि घरपोच.

तेव्हा उशीर करू नका. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. मुद्रांक शुल्क वेगळं, घर बायकोच्या नावावर घेतलंत तर त्यात एक टक्का सूट. घर बघायला सकाळी दहाच्या आत जा, गच्ची तापल्यावर नको. पॅनेलवर टिचकी मारू नका. आणि इसार पावती होईपर्यंत, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, हे समोरच्या काकूंना विचारू नका. त्या सांगतात.