शीट पाठवू का?

बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाचा कारभार विस्कटलेला आहे आणि तो एका शीटमध्ये नीट बसवता येतो, अशी ज्याची ठाम समजूत आहे, तो आमचा शीटवाला. पाळण्यातलं नाव आता त्याच्या आईखेरीज कुणी घेत नाही. व्हिजिटिंग कार्डावर ‘डिजिटल वर्कस्पेस आर्किटेक्ट’ असं छापलंय. ‘आर्किटेक्ट’ वाचून एक जण घराचा नकाशा काढून मागायला आला, तर यानं त्याच्या गळ्यात गवंड्यांच्या हजेरीचं शीट मारलं.

इंजिनिअरिंग झाल्यावर तो रीतीप्रमाणे पुण्याला स्पर्धा परीक्षेला गेला. अभ्यास फारसा झाला नाही. पण अभ्यासाचं वेळापत्रक त्यानं असं देखणं केलं, रंगीत रकाने, आपोआप बदलणारे टक्के, की रूममेट ते विकत मागायला लागले. त्या दिवशी शासनानं एक नायब तहसीलदार गमावला. गावी परतला तो लॅपटॉप घेऊन. बीडला रेल्वेची वाट बघण्यात पिढ्या गेल्या. नगरची गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. इंटरनेट मात्र कुणी आंदोलन न करता आधीच येऊन बसलं होतं, आणि त्याच्यावर तिकीटही लागत नव्हतं.

धंद्याचा मंत्र त्यानं यूट्यूबवरून उचललेला: सगळ्यांना सगळं विकू नका, एक बारीकसा धंदा पकडा. म्हणून त्यानं पहिल्यांदा कीर्तनकार पकडले. सप्ताहांचा जिल्हा आहे, गिऱ्हाईक कमी नाही. शीटमध्ये तारीख, गाव, जागराचं की काल्याचं, मृदंगाला कोण, पाकीट किती, डिझेल किती, आणि त्याला फार अभिमान असलेला रकाना: ‘मागच्या वर्षी याच गावात कोणता अभंग घेतला’. तोच अभंग पुन्हा टाकला की कप्पा लाल होतो. एका महाराजांचं शीट भरून झालं तेव्हा सगळीकडे लालच लाल. महाराज शांतपणे म्हणाले, “बाळा, अभंग तोच असतो, ऐकणारा बदललेला असतो. ते लाल काढ, आणि पाकिटाचा रकाना कुणाला दिसणार नाही असा कर.”

मग जनावरांचे व्यापारी. बाजारात सौदा होतो तो रुमालाखाली. दोन हात आत जातात, बोटं दाबली जातात, चेहऱ्यावरची माशी उडत नाही, आणि बैल विकला जातो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. आमच्या गड्यानं या व्यापाऱ्यांपुढे स्क्रीन धरून ‘खरेदी किंमत’, ‘विक्री किंमत’, ‘नफा’ असे तीन ठळक रकाने दाखवले. व्यापाऱ्यानं आधी आजूबाजूला बघितलं, मग खांद्यावरचा रुमाल काढून लॅपटॉपवर टाकला.

इथं मला त्याचं कौतुकही वाटतं. तो नाउमेद होत नाही. कुणी म्हणालं, हे परदेशी खूळ आहे, तर तो थेट देवगिरीच्या यादवांपर्यंत जातो. सरकारी लिखापढीचे नमुने घालून देणारं ‘मेस्तक’ हेमाडपंताच्या नावावर सांगतात. म्हणजे मराठवाड्यातला पहिला टेम्पलेटवाला कोण? “फक्त पंतांनी ऑनलाइन पेमेंट घेतलं नाही,” असं म्हणून तो क्यूआर कोड पुढे करतो. किंमत १,९९९, त्यावर काट, खाली १९९, आणि घासाघीस झाली तर ९९. एकानं विकत घेतलं की संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर फुकट फिरतं. यावर उपाय म्हणून त्यानं पासवर्ड घातला. पासवर्ड ग्रामदैवताचं नाव. फुटायला किती वेळ लागणार?

पण त्याचं खरं स्वप्न होतं ऊसतोडीचं शीट. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, जिकडे जावं तिकडे मुकादम. आणि प्रत्येक मुकादमाच्या बंडीत रबर लावलेली एक डायरी. कोणाला किती उचल दिली, कोण कोणत्या सेंटरला, किती टन तोडला, खाडे किती, हंगामाचा पट्टा पडल्यावर अंगावर बाकी किती, सगळं त्या डायरीत. अक्षर असं, की वाचावं मुकादमानंच. शीटवाल्याला वाटायचं, हे अक्षराचं दुर्दैव आहे. मला विचाराल तर ते भांडवल आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी आणि मुकादमांचं कमिशन १ टक्क्यानं वाढवायचं ठरलं, तेव्हा यानं एका रात्रीत आकडे बदलून ‘मुकादम प्रो २.०’ बाजारात आणलं. दर एका कप्प्यात बदलला की सगळ्या टोळीचा हिशोब आपोआप फिरतो! एका मुकादमाच्या ओट्यावर त्यानं ते करून दाखवलं. मुकादम खालच्या बेरजेकडे बघत राहिला.

“एवढं द्यायचं निघायलंय व्हय?”

“हो आण्णा. आणि हे बटण दाबलं की ज्याचा त्याचा हिशोब ज्याच्या त्याच्या मोबाइलवर.”

“हे बटण आधी काढ.”

उचलीचे पैसे न्यायला आलेली एक जोडी तिथंच बसलेली. बाई कधीची स्क्रीनकडे डोकावत होती. म्हणाली, “दादा, कोयता म्हंजी दोन माणसं. मग ओळ एकच कशी? माझं नाव कुठंय?”

“मावशी, कोयत्याची नोंद नवऱ्याच्या नावानं असते.”

“मी आजारी पडले की ह्यास्नी अर्धा कोयता धरता. मग उरलेला अर्धा कोण?”

शीटवाल्याकडे उत्तर नव्हतं, पण कप्पे होते. त्यानं तिथल्या तिथं ‘कोयता १’ आणि ‘कोयता २’ असे दोन रकाने पाडले.

“मी दोन नंबर का?”

मग त्यानं नावं अकारविल्हे लावली. बाईचं नाव वर गेलं, नवरा खाली आला, उचल अधांतरी राहिली आणि बेरजेच्या कप्प्यात नुसती ‘एरर’ उमटली. नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मुकादमानं बंडीतून डायरी काढली, रबर सोडलं आणि जुन्याच पद्धतीनं अंगठा घेतला. नवऱ्याचाच.

दुसरा कुणी असता तर निराश झाला असता, किंवा समाजसुधारक झाला असता. यानं दोन्ही टाळलं. परत येताना मोटरसायकलवर मला म्हणाला, “बारीक धंदा सापडला. तोडणीवाल्या बायका!” बायकांकडे स्मार्टफोन नाहीत, ही अडचण त्यानं झेरॉक्सच्या दुकानात सोडवली. शीट उभं करून छापलं, मोळीचं, कोयत्याचं, बैलगाडीचं अशी चित्रं घातली, शेजारी चौकोन ठेवले, मध्ये स्टेपलर मारला. रोज टन किती, खाडा झाला तर का झाला, वाढं विकून किती आले, दोघांची उचल किती, त्यातली आपली किती. किंमत दहा रुपये. ना पासवर्ड, ना फॉरवर्ड.

दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागल्या, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी उभं राहून त्यानं त्या वह्या विकल्या. भांड्यांच्या बोचक्यात एकेक वही जात होती. एक गिऱ्हाईक मात्र बाई नव्हती. मुकादमानं दहाची नोट पुढे केली, वही उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “किती जणींनी घेतली रं?”