जीप बसली गाडीत

पूर्वी निपाणीत माणसाकडे चार पैसे आले की तो तंबाखूची वखार बांधायचा. हल्ली जीप घेतो. आमच्या दाजींनी कोल्हापुराहून एक जुनी जीप आणली आणि तिच्यावर इतका खर्च केला, की त्यातली मूळ जीप कुठली हे ठरवायला आता पंचनामाच करावा लागेल. मांडीला लागतील एवढे टायर, पुढे विंच, इंजिनाला पाण्यातही हवा मिळावी म्हणून टपापर्यंत चढवलेली नळी. ही जीप ओढ्यातून जाते, दगडावर चढते, चिखलात लोळते. जात नाही ती फक्त डांबरी रस्त्यावरून. चिखलाचे टायर डांबरावर कानठळ्या बसवतात, भराभर झिजतात, आणि शेजारी बसलेल्या आमच्या ताईला खानापूर येईपर्यंत कंबर उरत नाही. म्हणून जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या चिखलात जायचं, तर तिला ट्रेलरवर बसवून न्यायची. जिथे रस्ता नाही तिथे जाणारी गाडी, रस्ता असेल तिथे मात्र उचलूनच न्यावी लागते!

ट्रेलरलाही स्वतःचा नंबर लागतो. ओढायला आणलेली मित्राची पिकअप बेळगावची, केए-22. ट्रेलर केए-23. वर बसलेली जीप एमएच-09. सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेला सीमाप्रश्न दाजींनी एका हुकाने जोडून टाकला.

जीप चढवून झाली, फोटो झाले, नारळ फुटला. कट्ट्यावर बसलेले तात्या, म्हणजे दाजींचे वडील, तोवर गप्प होते. तरुणपणी त्यांनी बैलगाडीतून तंबाखूचे बोद वखारीला पोचवलेले. त्यांनी ट्रेलरच्या चाकाकडे पाहिलं, हुकाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "गाडी उलाळ हाय."

"तात्या, तुम्ही बसा की. ही काय बैलगाडी न्हवं. ह्यात इंजिनिअरिंग असतंय."

"असंल. पर जीप हातभर फुडं घे."

दाजींनी मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्यांचा चेहरा पडत गेला. ट्रेलर आणि वरचा माल मिळून जे वजन होतं, त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडायला हवा. दोन टन असेल तर दोनशे ते तीनशे किलो. त्याहून कमी पडला, तर वेग घेतल्यावर मागचा ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेतो आणि पुढच्या गाडीलाही झुलवतो. फार जास्त पडला, तर ओढणाऱ्या गाडीचं तोंड वर होऊन स्टिअरिंग हलकं पडतं. बैलगाडीत हेच! माल मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि सापत्या बैलांच्या गळ्याला आवळतात. पुढे आला की माना मोडतात. फरक एवढाच, की बैल पहिल्या पावलाला सांगतो आणि पिकअप ऐंशीच्या वेगाला.

जीप हातभर पुढे घेतली. वरून ताईने दोनदा विचारलं, "तात्या, आता बरोबर हाय?" दाजींनी ऐकू आलं नसल्याचं दाखवलं.

मग पट्टे. दाजींना ते पुढच्या झळझळीत बंपरला अडकवायचे होते, कारण फोटोत दिसतात. पिकअपवाल्या मित्राने ऐकलं नाही. जीप स्प्रिंगांवर नाचते. वरच्या अंगाला बांधलेला पट्टा खड्ड्यात ढिला पडतो आणि बाहेर येताना हिसका खातो. चारही कोपऱ्यांतून अ‍ॅक्सलला आवळला की वर जीप हवी तेवढी नाचू दे. हॅंडब्रेक ओढला, गिअर टाकला. हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या घातल्या, म्हणजे हुक निसटलाच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलला जाईल. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, हेही ठरलं. तो थांबा नेमका भज्यांच्या गाड्यासमोर आला, हा योगायोग.

संकेश्वरच्या अलीकडे आमच्यापुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे एक नाही, दोन ट्रॉल्या. दुसरी पहिलीचं काही एक ऐकत नव्हती. ना साखळी, ना मागचा दिवा, ना पट्टा. मागे फक्त 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. दहा ते पंधरा टक्क्यांचा सगळा हिशेब तिथेच मिटला होता. दाजी बराच वेळ ते वाचत राहिले.

पुढे एका टोलनाक्यावर पिकअपचा टोल कापला गेला आणि पाठोपाठ दाजींच्या फोनवर दुसरा मेसेज आला. यंत्राने जीपच्या काचेवरचा फास्टॅगही वाचला होता. बंद इंजिन, आवळलेली चाकं, चारी बाजूंनी बांधलेली जीप रीतसर टोल भरून पुढे गेली. ताईने डब्यातल्या चपात्यांभोवतीचा चांदीचा कागद काढून टॅगवर लावला. चपात्या गार झाल्या, पण येताना मेसेज एकच आला.

चिखलात काय झालं ते दाजी सांगतीलच, आणि न विचारता सांगतील. परतीच्या वाटेवर तवंदी घाट उतरताना मात्र स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं आणि तोंड शेजारी बसलेल्या तात्यांचं चालू होतं.

"खालचा गिअर टाक. बिरेकवर पाय दाबून बसू नगंस. ट्रेलर हालला तर बिरेक मारू नगंस, नुसतं अ‍ॅक्सिलेटर सोड, श्टेरिंग सरळ धर."

बाजूने ट्रक जात होते, तापलेल्या ब्रेकचा वास मागे सोडून. आमच्यामागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एका मोटारीतल्या तरुणाने काच खाली करून निपाणीत लवकर पोचायचं असल्याचं जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. तात्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला वाट दिली.

"जावा, जावा! छप्पन सालापास्नं दोन्हीकडनं वढत्यात, निपाणी हाय तिथंच हाय. आता काय पळून जातीया व्हय?"